स्वर्ग दोन बोटं उरला तेव्हा

प्रश्न : मी मिरजेचा, म्हणजे सतारीच्या गावचा. जॉर्ज हॅरिसन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे मांडी घालून सतार वाजवणारा, रविशंकरांचा शिष्य, कृष्णभक्तीची गाणी करणारा गंभीर माणूस येतो. परवा भाच्याने त्याचा १९८७चा ‘क्लाउड नाइन’ हा अल्बम ऐकवला. मुखपृष्ठावर गॉगल, रंगीत शर्ट आणि तोंडभर हसू. आतली बरीचशी गाणी पाय हलवायला लावणारी. हा तोच माणूस का? उतारवयात त्याला ही थट्टामस्करी कुठून सुचली?
— एक वाचक, मिरज

उत्तर : हो, तोच. आणि ही थट्टामस्करी उतारवयातली नाही, ती त्याच्या अंगातच होती. आपल्यापर्यंत त्याची सतार आणि भक्तिगीतं आधी पोचली, त्यामुळे तोच चेहरा मनात पक्का बसला. माझ्याही मनात कित्येक वर्षं तोच होता. ‘क्लाउड नाइन’ने मला त्या चेहऱ्याची दुसरी बाजू दाखवली, म्हणून तुमचा प्रश्न हाती आल्यावर फार आनंद झाला.

‘क्लाउड नाइन’वर असणं म्हणजे इंग्रजीत हर्षाने हवेत तरंगणं. आपण ‘स्वर्ग दोन बोटं उरला’ म्हणतो ना, तेच. अल्बमचं नाव इतकं सरळ आहे. पण हे नाव ठेवण्याआधीची पंधरा वर्षं मुळीच सरळ नव्हती. ती माहीत असली की या अल्बमचं हसू जास्त कळतं.

आधी वयाचं बघू. हॅरिसनचा जन्म २५ फेब्रुवारी १९४३चा, लिव्हरपूलचा. ‘क्लाउड नाइन’ नोव्हेंबर १९८७मध्ये आला तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. ख्यालगायकाचा गळा या वयात नुकता पिकायला लागलेला असतो. पॉप-रॉकमध्ये हिशेब निराळा. सतराव्या वर्षी हॅम्बुर्गच्या क्लबांमध्ये रात्ररात्र वाजवलेला आणि सत्तावीस वर्षांचा असताना बीटल्स हा आपला, जगातला सर्वांत प्रसिद्ध बँड फुटताना पाहिलेला हा गडी. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याच्या धंद्यातले लोक त्याला जुन्या जमान्यातला समजू लागले होते.

बीटल्स फुटल्यावर पहिला मोठा डाव त्यानेच मारला होता. १९७०चा ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ हा तीन तबकड्यांचा संच आणि त्यातलं ‘माय स्वीट लॉर्ड’. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट १९७१ला, रविशंकरांच्या शब्दाखातर न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मैफल उभी केली. तिथून मात्र घसरण सुरू झाली. १९७४च्या अमेरिका दौऱ्यात त्याचा घसा पार बसला होता. सोबत रविशंकर, अल्लारखाँ, हरिप्रसाद चौरसिया, शिवकुमार शर्मा अशी मंडळी होती. पण बीटल्सची गाणी ऐकायला आलेल्या श्रोत्यांना ना तो घसा सोसवला, ना भारतीय संगीत ऐकायचा धीर राहिला. ‘माय स्वीट लॉर्ड’ची चाल जुन्या ‘हीज सो फाइन’वरून उचलली, असा खटलाही चालू होता. १९७६मध्ये न्यायालयाने म्हटलं की नकळत का होईना, उचललीच आहे. १९८०मध्ये रेकॉर्ड कंपनीने त्याचा तयार झालेला अल्बम परत पाठवला आणि खपतील अशी गाणी घाला म्हणून सांगितलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बीटल्समधला सोबती जॉन लेनन याचा खून झाला. १९८२मध्ये ‘गॉन ट्रॉपो’ निघाला. उष्ण हवेने डोकं फिरलेल्या माणसाला ऑस्ट्रेलियात तसं म्हणतात. तो अल्बमही हलकाफुलकाच होता, पण हॅरिसनने त्याची कसलीच जाहिरात केली नाही आणि अमेरिकेत तो पहिल्या शंभरातही पोचला नाही. त्यानंतर पाच वर्षं त्याने अल्बम काढला नाही. या काळात तो चित्रपट काढत होता आणि बागेत काम करत होता. बागेचा त्याला खरोखरच नाद होता. १९८०मध्ये निघालेलं आपलं पुस्तक त्याने जगभरातल्या बागकाम करणाऱ्यांना अर्पण केलं आहे.

आता याच वर्षांकडे दुसऱ्या बाजूने पाहा. १९७५च्या नाताळात ब्रिटिश दूरदर्शनवर एरिक आयडलच्या विनोदी कार्यक्रमात हॅरिसन आला. ‘माय स्वीट लॉर्ड’चे सूर सुरू झाले, लोक सरसावून बसले आणि हा चाचेगिरीचं गाणं गायला लागला. अंगावर कपडेही चाच्याचेच. ज्या गाण्यामुळे तो कोर्टात खेचला गेला होता, त्याचीच ही गंमत. पुढे खटल्यावरून त्याने ‘धिस साँग’ नावाचं गाणंच केलं. या गाण्यात कुणाचंही काही चोरलेलं नाही बरं का, असा त्याचा सूर. चित्रफीत घेतली ती थेट न्यायालयाच्या दृश्यात. ते गाणं ज्या अल्बमात आहे त्याचं नाव ‘थर्टी थ्री अँड अ थर्ड’. एलपी मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते आणि त्या वर्षी स्वारीचं वयही तेवढंच होतं.

१९७८मध्ये मॉन्टी पायथन या विनोदी नटमंडळींच्या ‘लाइफ ऑफ ब्रायन’ या चित्रपटाचे पैसे कंपनीने ऐन वेळी काढून घेतले, तेव्हा हॅरिसनने आपला वाडा गहाण टाकून तो चित्रपट पुरा होऊ दिला. कारण विचारलं तर उत्तर एवढंच, की त्याला तो चित्रपट बघायचा होता. त्यातूनच त्याची ‘हँडमेड फिल्म्स’ ही कंपनी उभी राहिली.

तो वाडाही बघण्यासारखा. लंडनच्या पश्चिमेला हेन्ली-ऑन-टेम्स या गावात फ्रायर पार्क नावाची सुमारे एकशेवीस खोल्यांची जुनी वास्तू आहे. ती सर फ्रँक क्रिस्प नावाच्या एका श्रीमंत वकिलाने बांधली. या क्रिस्पसाहेबांना विनोदाची भारी हौस. भिंतींवर आणि बागेत त्यांनी कोट्या आणि सुभाषितं कोरून ठेवली, कृत्रिम गुहा केल्या, मॅटरहॉर्न शिखराची छोटी प्रतिकृती उभी केली. विजेच्या बटनांवर संन्याशांचे चेहरे आहेत. दिवा लावायचा तर संन्याशाचं नाक हलवायचं. हॅरिसनने १९७०मध्ये हे घर घेतलं आणि त्या कोरलेल्या ओळींवरून पुढे गाणीही केली. तिथे तो राहायचा, रोज जप करायचा आणि संध्याकाळ झाली की संन्याशाच्या नाकाला हात लावून दिवा लावायचा. या एका चित्रात मला तो सगळा दिसतो. आपल्याला हे अवघड जाऊ नये. नाथांचं भारूड ऐकत वाढलेल्या माणसाला भक्ती आणि हसू एका ओळीत बसलेलं पाहायची सवय असते.

मग १९८७मध्येच ते हसू पुन्हा गाण्यात कसं उतरलं? माझं उत्तर असं की त्याला संगत मिळाली. १९८५च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये कार्ल पर्किन्सवर एक कार्यक्रम चित्रित झाला. पर्किन्स म्हणजे हॅरिसनचं लहानपणापासूनचं दैवत. १९६०मध्ये स्कॉटलंडच्या दौऱ्यावर असताना या पोराने स्वतःचं नाव कार्ल हॅरिसन असं लावून घेतलं होतं. त्या कार्यक्रमात बीटल्सचा ड्रमवाला रिंगो आणि एरिक क्लॅप्टनही होते. पर्किन्सच्या बाजूला बसून वाजवताना हॅरिसनच्या चेहऱ्यावरचा आनंद पडद्यावर आजही बघता येतो. त्याच सुमाराला त्याने गिटारवादक डेव्ह एडमंड्सजवळ निरोप धाडला, की ‘इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा’वाल्या जेफ लिनला भेटायचंय.

लिन बीटल्सच्या संगीतावरच वाढलेला. रेकॉर्डिंगचं काम त्याचं चोख. ठेका घट्ट बांधायचा, कोरसचे आवाज एकावर एक चढवायचे, अॅकॉस्टिक गिटारी थरांनी लावायच्या आणि पाल्हाळाला जागाच ठेवायची नाही. सत्तरच्या दशकातली हॅरिसनची गाणी कधीकधी फार रेंगाळायची, माझ्या मते शिकवायलाही लागायची. लिनने त्यांना कात्री लावली. हलकं गाणं हलकं वाटण्यामागे फार कष्ट असतात, ते कष्ट या अल्बमात लिनने उपसले.

रेकॉर्डिंग फ्रायर पार्कमधल्या घरच्या स्टुडिओत झालं. अल्बम मागायला मागे कुणी लागलं नव्हतं, दौरा ठरलेला नव्हता. आले ते मित्र. ड्रमवर रिंगो आणि जिम केल्टनर, गिटारला क्लॅप्टन, पियानोला एल्टन जॉन, कीबोर्डला गॅरी राइट, तालवाद्यांना रे कूपर. मुखपृष्ठावर त्याच्या हातात जी काळी गिटार दिसते, तिचीही गोष्ट आहे. ती १९५७ची ग्रेच ड्युओ जेट. १९६१मध्ये लिव्हरपूलमधल्या एका खलाशाकडून त्याने ती जुनी विकत घेतली होती, ती त्याची पहिली चांगली अमेरिकन गिटार. पुढे क्लाउस फोरमान या मित्राला दिली. तिथे ती बरीच वर्षं राहिली. मग परत मागवली, दुरुस्त करून घेतली आणि ती घेऊन तो ढगांसमोर उभा राहिला. म्हणजे मुखपृष्ठावरचं हसू नुसतं कॅमेऱ्यासाठी नाही. हातात तरुणपणची वस्तू परत आलेली आहे.

गाण्यांपैकी ‘व्हेन वी वॉज फॅब’ हे नीट ऐका. ‘वी वेअर’ हवं तिथे ‘वी वॉज’, हे लिव्हरपूलच्या गल्लीतलं इंग्रजी त्याने मुद्दाम ठेवलं. ‘फॅब’ म्हणजे ‘फॅब फोर’, बीटल्सना मिळालेलं टोपणनाव. हे गाणं त्याने आणि लिनने ऑस्ट्रेलियात असताना सुरू केलं, त्या वेळी कच्चं नाव होतं ‘ऑसी फॅब’. सुरुवातीला रिंगोचे ड्रम येतात आणि तो ठोका पहिल्या दोन सेकंदांत ओळखू येतो. मग चेलो घुमतात, तसेच जसे बीटल्सच्या ‘आय अॅम द वॉलरस’मध्ये घुमले होते. मागचे आवाज ओळीच्या शेवटी झुलतात. आणि सगळं संपत आलं की अगदी टोकाला सतार झणकारते. वीस वर्षांपूर्वी ज्या सतारीसाठी तो मुंबईपर्यंत आला होता, तीच सतार इथे गंमत म्हणून येते. ज्याने ते दिवस सोसले त्यानेच त्यांची नक्कल करावी, यात थट्टा आहे आणि जिव्हाळाही आहे. आपल्याला एखादा ज्येष्ठ नट जुन्या नाटकातली स्वतःचीच लकब घरगुती बैठकीत करून दाखवतो, तेव्हा असा सूर लागतो. गॉडली आणि क्रीम या जोडीने केलेल्या चित्रफितीत एक वॉलरस डाव्या हाताने बेस गिटार वाजवताना दिसतो. बीटल्समधला डावखुरा बेसवाला कोण, हे ज्यांना माहीत आहे त्यांना त्या डावखुरेपणातली खूण लगेच कळते.

आणखी एक गाणं आहे ‘रेक ऑफ द हेस्परस’. हे लाँगफेलोच्या प्रसिद्ध कवितेतल्या बुडालेल्या जहाजाचं नाव. इंग्रजीत विस्कटलेल्या, गबाळ्या दिसणाऱ्या माणसाला त्या जहाजाची उपमा देतात. चाळिशी ओलांडलेला हॅरिसन सांगतो, मी काही अजून ते मोडकं जहाज झालेलो नाही. ‘डेव्हिल्स रेडिओ’ हे चहाड्यांबद्दलचं गाणं तर एका चर्चबाहेरच्या फलकावरून सुचलं. कुटाळकी म्हणजे सैतानाचा रेडिओ, असं त्यावर लिहिलेलं होतं. वर्तमानपत्रांनी आयुष्यभर ज्याच्या मागे ससेमिरा लावला, त्याने तक्रारीचं रडगाणं न करता असं फडकतं गाणं केलं. उपदेश आहेच, पण तो नाचवून पोचवलेला आहे. मला त्याची १९७३-७४ची काही प्रवचनी गाणी आणि हे गाणं शेजारी ठेवलं की हेच जास्त पटतं.

सगळाच अल्बम असा उडता आहे असं समजू नका. ‘जस्ट फॉर टुडे’ मंद आहे, पियानोवर चालणारं, जवळजवळ प्रार्थना. ‘सम प्लेस एल्स’ही हळवं. हलकेपणाच्या मधोमध ही दोन गाणी असल्याने अल्बमला तोल आला आहे.

प्रश्न : ‘गॉट माय माइंड सेट ऑन यू’ या गाण्यात तेच तेच शब्द परत का येतात? आणि ते त्याचं स्वतःचं नाही असं ऐकलं, खरं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : खरं आहे. ते रूडी क्लार्क यांनी लिहिलं आणि जेम्स रे या गायकाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला म्हटलं. १९६३मध्ये हॅरिसन अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या बेंटन या छोट्या गावी आपल्या बहिणीकडे गेला होता. तेव्हा अमेरिकेत बीटल्सना कुणी ओळखत नव्हतं. रस्त्याने मोकळं फिरता येणारी ती त्याची अखेरचीच अमेरिका. तिथे त्याने जेम्स रेची तबकडी विकत घेतली. चोवीस वर्षांनी फ्रायर पार्कच्या स्टुडिओत केल्टनरने ड्रमवर एक ठेका धरला, स्विंग आणि रॉकच्या मधला. गॅरी राइट वळून म्हणाला, हे त्या गाण्यासारखं वाटत नाही का? हॅरिसनला आश्चर्य वाटलं, की ते गाणं आपल्याशिवाय आणखी कुणाला तरी माहीत आहे.

शब्द परत येतात हे खरं. पण हे गाणं चालतं ठेक्यावर आणि हट्टावर. एकच गोष्ट मनाने धरलेला माणूस तेच तेच बोलणार, दुसरं काय बोलणार? ‘विअर्ड अल’ यांकोविक या विडंबनकाराने १९८८मध्ये यावर गाणं केलं, ‘धिस साँग्ज जस्ट सिक्स वर्ड्स लाँग’. तेही ऐकण्यासारखं आहे. १६ जानेवारी १९८८च्या आठवड्यात हॅरिसनचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यानंतर एकाही माजी बीटलला एकट्याच्या नावावर तो क्रमांक मिळालेला नाही. इंग्लंडमध्ये ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं. एक चित्रफीत तर अशी आहे, की हॅरिसन घरातल्या खुर्चीत बसून गातो आणि आजूबाजूला भिंतीवरचे पेंढा भरलेले प्राणी ताल धरतात. मधेच खुर्चीतून उठून तो कोलांटीही मारतो, अर्थात मारणारा दुसराच कुणीतरी आहे.

प्रश्न : याच अल्बममधून ‘ट्रॅव्हलिंग विल्बरीज’ निघाले असं म्हणतात. ते कसं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : हे सांगायला मला फार आवडतं.

१९८८च्या एप्रिलात हॅरिसन लॉस एंजेलिसमध्ये होता. ‘क्लाउड नाइन’मधलं ‘धिस इज लव्ह’ हे गाणं युरोपात वेगळ्या तबकडीवर काढायचं होतं आणि तबकडीच्या दुसऱ्या बाजूसाठी एखादं नवं गाणं हवं होतं. जेफ लिन त्या वेळी रॉय ऑर्बिसनबरोबर काम करत होता. एका रात्री तिघं जेवायला बसले, तिथे हॅरिसनने विषय काढला. स्टुडिओ घाईघाईत कुठे मिळणार? बॉब डिलनच्या मालिबूच्या घरी गॅरेजमध्ये छोटा स्टुडिओ होता, त्याला फोन लावला. हॅरिसनची एक गिटार टॉम पेटीकडे राहिली होती. ती आणायला गेला, तर पेटीही म्हणाला, चल, मीही येतो.

दुसऱ्या दिवशी पाच जण गॅरेजमध्ये. चाल बसली, शब्द नाहीत. डिलनने विचारलं, हे गाणं आहे तरी कशाबद्दल? हॅरिसनने इकडेतिकडे बघितलं. कोपऱ्यात एक खोकं होतं, त्यावर चिकटवलेल्या लेबलवर लिहिलेलं ‘हँडल विथ केअर’. जपून हाताळा. झालं, ते शीर्षक. मग एकेकाने एकेक ओळ टाकत गाणं पुरं केलं. खोक्यावरची ती सूचना आयुष्यात आपटून-धोपटून निघालेल्या पाच पिकलेल्या माणसांच्या तोंडी आली, आणि खोक्यापेक्षा त्यांनाच जास्त लागू पडली. ऑर्बिसनचा तो उंच, थरथरता आवाज मधल्या भागात येतो तेव्हा गंमत थांबते आणि गळा भरून येतो. पुढच्याच क्षणी डिलन आणि पेटी पुन्हा गंमत सुरू करतात.

रेकॉर्ड कंपनीच्या लोकांनी ऐकलं आणि म्हणाले, दुसऱ्या बाजूला टाकायला हे फार चांगलं आहे. तेव्हा हॅरिसनने पूर्ण अल्बमच करायचं ठरवलं. मे महिन्यात लॉस एंजेलिसमध्ये डेव्ह स्टुअर्टच्या घरी, दहाएक दिवसांत उरलेल्या गाण्यांचा पाया घातला गेला, कारण डिलन दौऱ्यावर निघायचा होता. ‘रॅटल्ड’ या गाण्यात जिम केल्टनरने स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या आतल्या कप्प्यांवर ताल धरला आहे. काठ्या ड्रमवरून फ्रिजवर गेल्या, कारण तिथे आवाज चांगला निघत होता. गाण्यात तो नाद ओळखता आला की फार मजा वाटते.

नावाचं कोडं असं. ‘क्लाउड नाइन’च्या वेळी यंत्राची काही खरखर किंवा बारीक चूक रेकॉर्डवर राहिली की हॅरिसन आणि लिन एकमेकांना म्हणायचे, जाऊ दे, सगळे आवाज एकत्र करताना आपण तिला पुरून टाकू. इंग्रजीत ‘वील बरी’. त्या ‘वील बरी’चा झाला ‘विल्बरी’. तबकडीवर या पाचांपैकी कुणाचंही खरं नाव छापलेलं नाही. हॅरिसन झाला नेल्सन विल्बरी, लिन ओटिस, ऑर्बिसन लेफ्टी, डिलन लकी आणि पेटी चार्ली टी. ज्युनियर, जणू एकाच घरातले भाऊ. माहितीचा मजकूर मॉन्टी पायथनच्या मायकेल पेलिनने टोपणनावाने लिहिला. १९८८च्या ऑक्टोबरात अल्बम निघाला आणि अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर गेला.

६ डिसेंबरला ऑर्बिसन हृदयविकाराने गेला, बावन्न वर्षांचा. ‘एंड ऑफ द लाइन’ची चित्रफीत त्यानंतर झाली. आगगाडीच्या डब्यात चौघे वाजवतात, आणि ऑर्बिसनच्या ओळी येतात तेव्हा एका झुलत्या खुर्चीत त्याची गिटार ठेवलेली दिसते, खुर्ची हलत असते. इतक्या आनंदी गाण्यात एवढं दुःख मावतं, हे मी दुसरीकडे क्वचित पाहिलं आहे. १९९०मध्ये उरलेल्या चौघांनी पुढचा अल्बम काढला. त्याचं नाव ‘खंड ३’. खंड २ कधी निघालाच नाही.

प्रश्न : हॅरिसनने मुंबईत रेकॉर्डिंग केलं होतं का? त्याची गंमत तिथेही दिसते का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : केलं होतं. १९६६च्या सप्टेंबरात तो रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आला आणि ताजमहाल हॉटेलात उतरला. बातमी फुटलीच, पोरंपोरी हॉटेलबाहेर जमली, मग पत्रकारांना सामोरं जावं लागलं. जानेवारी १९६८मध्ये तो पुन्हा आला, ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी. फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत शिवकुमार शर्मा, आशिष खाँ, महापुरुष मिश्र वगैरेंनी वाजवलं. तिथे स्टिरिओ यंत्र नव्हतं. एचएमव्हीचे भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचं यंत्र कोलकात्याहून आणवलं. स्टुडिओ आवाजबंद नव्हता, रस्त्यावरची रहदारी सांभाळत काम करावं लागे. याच दिवसांत ‘द इनर लाइट’ची वाद्यसाथही झाली, त्यात बासरी हरिप्रसाद चौरसियांची. शब्द चिनी ‘ताओ ते चिंग’वरून घेतलेले, साथ मुंबईची आणि गायलं लंडनमध्ये. तीन देशांचं मिळून एक गाणं. ‘वंडरवॉल’चं संगीत हाही खेळकरच प्रकार आहे. शहनाई आणि इंग्रजी रॉक बँड एका तबकडीवर नांदतात. ‘क्लाउड नाइन’च्या मुळ्या मी तिथपर्यंत नेईन.

प्रश्न : इतकं सगळं आहे, मी ऐकायला सुरुवात कुठून करू?
— पुन्हा मिरजेचे वाचक

उत्तर : ‘हँडल विथ केअर’पासून. मग ‘क्लाउड नाइन’ची अकराच्या अकरा गाणी, क्रमाने, एका बैठकीत. त्याच्या शेवटाला ‘गॉट माय माइंड सेट ऑन यू’ येतं, तोवर पाय आपोआप हलू लागलेले असतील.

नंतर ‘ब्रेनवॉश्ड’ लावा. २९ नोव्हेंबर २००१ला हॅरिसन गेला. अर्धवट राहिलेला हा अल्बम त्याच्या मुलाने आणि जेफ लिनने मिळून पुरा केला, तो २००२मध्ये निघाला. त्यात १९३१चं एक जुनं गाणं आहे, ‘बिट्वीन द डेव्हिल अँड द डीप ब्लू सी’. त्यावर हॅरिसन उकुलेली वाजवतो. या चार तारांच्या छोट्या वाद्यावर त्याचा इतका जीव होता की तो मित्रांना ती वाटत सुटायचा. अल्बमच्या अगदी शेवटी गाणी संपतात आणि शंकराचा जयघोष सुरू होतो, आपल्याकडे आरतीनंतर होतो तोच, पार्वतीपतीचं नाव घेऊन. त्यात वडिलांबरोबर मुलाचा आवाज आहे. मुलाचं नाव धनी. १९७८मध्ये तो जन्मला तेव्हा हॅरिसनने ते सप्तकातून उचललं, ध आणि नी.